दिवाळखोराच्या अपिलापुढे ४५ दिवसांची भिंत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळखोर हा शब्द आपल्या वृत्तपत्रांत आता बहुधा विशेषण म्हणूनच भेटतो. धोरण दिवाळखोर असते, विचार दिवाळखोर असतात आणि विरोधी पक्ष तर रोजच असतो. न्यायालयाने रीतसर आदेश देऊन ज्याला दिवाळखोर ठरवले आहे, अशा हाडामांसाच्या माणसाबद्दल मात्र क्वचितच काही छापून येते, आणि आलेच तर ते परदेशी जाऊन बसलेल्या एखाद्या बड्या उद्योगपतीबद्दल असते. मी पश्चिम महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत ३६ वर्षे नोकरी केली. त्यातली बरीच वर्षे नक्कल विभागात आणि शेवटची काही दाखल होणारे दावे-अर्ज तपासून घेण्याच्या टेबलावर गेली. त्या टेबलाच्या पलीकडे उभे असलेले जे दिवाळखोर मी पाहिले, त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे. प्रश्न साधा आहे. ज्याचे दिवाळे निघाले, त्याला स्वतःच्या हक्कासाठी न्यायालयात उभे राहता येते का, आणि ज्या उशिरात त्याचा दोष नाही त्या उशिरापायी त्याचे अपील कायमचे बंद करणे योग्य आहे का?

आधी कायद्याची मांडणी पाहू, कारण ती बहुतेकांना ठाऊक नसते. दिवाळखोरीचा आदेश झाला की माणसाची मालमत्ता त्याची राहत नाही. मुंबईसारख्या जुन्या इलाखा शहरांत १९०९ च्या कायद्याप्रमाणे ती ऑफिशियल असाइनीकडे, म्हणजे अशी मालमत्ता सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाते आणि जिल्ह्यांच्या ठिकाणी १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याप्रमाणे न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसिव्हरकडे जाते. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता ज्यांना लागू आहे त्यांची मालमत्ता दिवाळखोरी विश्वस्ताकडे जाते. (नादारी या शब्दाशी माझ्या पिढीची ओळख शाळेतली. गरीब विद्यार्थ्याची फी माफ झाली की त्याला नादारी मिळाली असे म्हणत, आणि ती मिळवण्यासाठी वडिलांना मामलेदार कचेरीत दाखल्यासाठी उभे राहावे लागे. न्यायालयात याच शब्दाचा अर्थ इतका वेगळा निघेल असे तेव्हा वाटले नव्हते.) मालमत्ता म्हणजे केवळ घर, जमीन, दुकान आणि गल्ला नव्हे. दुसऱ्याकडून येणे असलेली रक्कम आणि ती वसूल करण्यासाठी दावा लावण्याचा हक्क हीसुद्धा मालमत्ताच. म्हणून घराच्या किल्लीबरोबर दाव्याची किल्लीही रिसिव्हरच्या खिशात जाते.

याला दोन जुने अपवाद आहेत. माणसाच्या देहाला, मनाला किंवा अब्रूला झालेल्या इजेबद्दलचा दावा त्याच्याकडेच राहतो. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४९ मध्ये बेकहॅम विरुद्ध ड्रेक या प्रकरणात ही रेघ ओढली आणि तिच्या मागचा विचार साधा आहे की मोडलेल्या पायाची वेदना लिलावात काढता येत नाही. दुसरा अपवाद खुद्द दिवाळखोरीच्या आदेशाविरुद्धच्या अपिलाचा. ते अपील ज्याला दिवाळखोर ठरवले त्यालाच करता येते. विजय मल्ल्यांना लंडनच्या उच्च न्यायालयाने २६ जुलै २०२१ रोजी दिवाळखोर ठरवले आणि त्याविरुद्धचे त्यांचे अपील एप्रिल २०२५ मध्ये फेटाळले गेले. अपील फेटाळले गेले, पण ते ऐकले गेले. हातात महागडे वकील असले की एवढे तरी पदरी पडते.

या दोन अपवादांच्या बाहेर मात्र दिवाळखोर हा स्वतःच्याच प्रकरणात परका होतो. त्याच्याविरुद्ध पैशाचा हुकूमनामा झाला असेल आणि तो चुकीचा आहे असे त्याला वाटत असेल, तरी अपील विश्वस्तानेच करायचे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९३ मध्ये हीथ विरुद्ध टँग या प्रकरणात याचे कारण दिले ते असे, की देणे आता त्याच्या खिशातून जाणार नाही, ते धनकोंसाठी, म्हणजे ज्यांचे येणे आहे त्यांच्यासाठी, एकत्र ठेवलेल्या सामायिक राशीतून जाणार आहे, म्हणून निकालात त्याचा हितसंबंध उरलेला नाही. तर्क चोख आहे, पण तो मला कधी पटला नाही. का पटला नाही ते सांगण्यासाठी एका माणसाची हकीकत सांगावी लागेल.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे आहेत, म्हणजे जमिनीत खणलेली कोठारे, ज्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ च्या कृष्णेच्या महापुरात ती पेवे पाण्याखाली गेली. एका हळद व्यापाऱ्याची, ज्यांना सारे अण्णा म्हणत, तीन पेवे त्यात गेली. मालाचा विमा होता. विमा कंपनीने तो नाकारला आणि कारण दिले की पॉलिसीत गोदाम लिहिले आहे, पेव म्हणजे गोदाम नव्हे. अण्णांनी दावा लावला. दावा चालू असतानाच बाकीच्या धनकोंनी तगादा वाढवला आणि २००८ मध्ये न्यायालयाने अण्णांना नादार ठरवून रिसिव्हर नेमला. तो एक वकील होता. त्याच्या हातात अशी आणखी कामे होती आणि या कामात मिळणारे मानधन त्याच्या लेखी किरकोळ असावे.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २२, नियम ८ या बाबतीत फार विचारपूर्वक लिहिलेला आहे. वादी दिवाळखोर झाला म्हणून दावा आपोआप मरत नाही. धनकोंच्या भल्यासाठी रिसिव्हरने तो पुढे चालवायचा असतो. त्याने नकार दिला, किंवा चालढकल केली आणि न्यायालयाने मागितलेली खर्चाची हमीही दिली नाही, तर प्रतिवादी दावा काढून टाकण्याची मागणी करू शकतो. अण्णांच्या दाव्यात रिसिव्हरने होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. हमी भरण्याची मुदत टळली, कंपनीने अर्ज दिला आणि दावा निघाला. अण्णांना कोणी कळवले नाही. कळवण्याचे कारणही नव्हते, कारण कायद्याच्या नजरेत ते आता त्या दाव्यात कोणी नव्हते. ते मात्र घरी बसून पुढच्या तारखेची वाट पाहत होते.

पाच महिन्यांनी ते माझ्या टेबलापुढे आले. हातात कापडी पिशवी आणि पिशवीतल्या कागदांना बोटांचे पिवळे डाग होते. कोर्टातले जुने कागद पिवळे पडतात ते वयाने, पण हे हळदीने पिवळे झाले होते. मी विचारले, "अण्णा, रिसिव्हरसाहेबांना भेटलात का?" त्यांनी चार पोचपावत्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाले, "चार रजिस्टर पत्रं टाकली साहेब. ही त्यांच्या सहीची पोच हाय, उत्तर न्हाई." त्या चार पावत्यांवरच्या तारखा मी ओळीने लावून पाहिल्या. पहिली दावा निघण्याच्या दोन महिने आधीची होती.

त्यांच्या वकिलांनी दावा पूर्ववत करण्याचा अर्ज आणि सोबत विलंब माफीचा अर्ज दिला. कंपनीने अपेक्षेप्रमाणे दोन हरकती घेतल्या. एक, अर्ज मुदतबाह्य आहे. दोन, अर्जदार नादार असल्याने त्यास अर्ज करण्याचा अधिकारच नाही, तो फक्त रिसिव्हरला आहे. दुसऱ्या हरकतीवर अण्णांचे वकील आदेश २२, नियम ९ चे शब्द घेऊन उभे राहिले. त्यात असा अर्ज करू शकणाऱ्यांमध्ये वादीचा उल्लेख आहे आणि नादार वादीच्या रिसिव्हरचाही आहे. शिवाय त्याच नियमात मुदत कायद्याचे कलम ५ लागू असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. पुरेसे कारण दाखवा आणि न्यायाधीशांची खात्री पटली तर विलंब माफ, किती दिवसांचा याला वरची मर्यादा नाही. न्यायाधीशांनी पोचपावत्या पाहिल्या, थोडा खर्च बसवून विलंब माफ केला, दावा पूर्ववत केला आणि रिसिव्हर पुढे बदलला. नव्या रिसिव्हरने कंपनीशी तडजोड केली.

त्या तडजोडीतला एक पैसाही अण्णांच्या हाती आला नाही. तो सगळा धनकोंत वाटला गेला आणि तसाच जायला हवा होता. मग अण्णांचा हितसंबंध काय? १९२० च्या कायद्याच्या कलम ४२ मध्ये तो आहे. नादाराची मालमत्ता त्याच्या बिनतारण देण्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे रुपयाला पन्नास पैसेही भरत नसेल, तर न्यायालय त्याला नादारीतून पूर्ण मुक्तता नाकारते. ही तूट आपल्या दोषाने आली नाही हे त्याला सिद्ध करावे लागते. मूळ कायद्यात तिथे आठ आणे होते. विम्याची रक्कम राशीत आल्यावर अण्णांचे माप आठ आण्यांच्या वर गेले आणि त्यांना मुक्तता मिळाली. पैसा धनकोंना मिळाला, सुटका अण्णांची झाली, आणि दोन्ही गोष्टी रिसिव्हरने नव्हे तर ज्याला त्या दाव्यात काही स्थान नव्हते त्या माणसाने खटपट केली म्हणून घडल्या. दिवाळखोराला निकालात रस उरत नाही असे म्हणणाऱ्यांना मी हे एवढेच उदाहरण देतो.

आता आजच्या परिस्थितीकडे येतो. २०१६ च्या संहितेतील व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला आहे. बाकीच्या सामान्य माणसांसाठी अजून ते १९०९ आणि १९२० चेच कायदे आहेत, ज्यांतल्या प्रांतिक कायद्याने नादारीच्या अर्जासाठी मूळ रक्कम पाचशे रुपये ठरवली होती. वैयक्तिक जामीनदार म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे मोठमोठे प्रवर्तक येतील. पण आमच्या भागातल्या एमआयडीसीत एखाद्या फाउंड्रीची किंवा सायझिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी निघते तेव्हा बँकेच्या कागदांवर जामीनदार म्हणून कोण सही करते हे मला माहीत आहे. भाऊ करतो, निवृत्त वडील करतात, बायको करते, आणि तिला त्या कागदात काय लिहिले आहे ते कुणी वाचून दाखवलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी जामीनदारांना हा भाग लागू करणारी अधिसूचना वैध ठरवली आणि ९ नोव्हेंबर २०२३ रोजी जामीनदारांविरुद्धच्या कार्यवाहीची कलमेही वैध ठरवली. त्यामुळे हा विषय पुढच्या काही वर्षांत अनेक घरांत शिरणार आहे.

या संहितेत दिवाळखोराच्या दाराला दोन कुलपे आहेत. पहिले कलम १४१ मध्ये आहे. प्रकरण ज्यापुढे चालते त्या न्यायाधिकरणाच्या पूर्वसंमतीशिवाय दिवाळखोराला आपल्या दिवाळखोरीतील देण्यांसंबंधी कोणतीही न्यायालयीन कार्यवाही चालवता येत नाही. विश्वस्ताला मालमत्तेसंबंधी दावा लावायचा किंवा लढवायचा असेल, तर कलम १५३ प्रमाणे त्याला धनकोंच्या समितीची मंजुरी लागते. आता समजा जामीनदाराचे म्हणणे असे आहे की बँकेने तारण ठेवलेली यंत्रे मातीमोल भावाने विकली आणि म्हणून उरलेले देणे फुगले. हा दावा बँकेविरुद्ध आहे. तो लावायचा विश्वस्ताने, आणि त्याला परवानगी द्यायची समितीने, ज्या समितीत सर्वात मोठा धनको म्हणून तीच बँक बसलेली आहे. ज्याच्या शेतात गुरे शिरली त्याने ज्याची गुरे त्याच्याकडेच कोंडवाड्याची किल्ली मागायची, असा हा प्रकार आहे. बँका लबाड आहेत असे मला म्हणायचे नाही. स्वतःविरुद्धच्या दाव्याला मंजुरी देण्याची अपेक्षा कोणाकडूनच करू नये, एवढेच म्हणायचे आहे.

दुसरे कुलूप मुदतीचे. व्यक्तीच्या दिवाळखोरीचे प्रकरण ज्यापुढे चालते त्या कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध अपील न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत जायचे. पुरेसे कारण असल्यास आणखी जास्तीत जास्त १५ दिवस मिळतात. कंपनीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे असेल तर जामीनदाराचे प्रकरणही तिथेच जाते आणि तिथूनच्या अपिलालाही हेच ३० अधिक १५ चे माप आहे. त्यापुढे सर्वोच्च न्यायालयात जायला ४५ अधिक १५ दिवस. हे १५ दिवस संपले की कारण कितीही खरे असो, न्यायाधिकरणाचे हात बांधलेले असतात. नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात १४ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या १५ दिवसांपलीकडचा विलंब अपील न्यायाधिकरण माफ करू शकत नाही, आणि घटनेच्या अनुच्छेद १४२ खालील आपल्या विशेष अधिकारातही तो माफ करता येणार नाही. संसदेने वरची मर्यादा स्वतःच घातली असल्याने न्यायालयाला दुसरे काही सांगणे कठीणच होते. म्हणून माझी तक्रार न्यायालयाकडे नाही, ती कायद्याच्या शब्दांकडे आहे.

गंमत अशी, की इंग्रजांनी केलेला १९२० चा कायदा या बाबतीत अधिक उदार होता. त्याच्या कलम ७८ ने मुदत कायद्यातील विलंब माफीची तरतूद नादारीच्या अपिलांना सरळ लागू केली आणि तिला दिवसांची वेसण घातली नाही. ज्या इंग्लंडकडून आपण ही कल्पना घेतली तिथे आजही अपिलाची साधारण मुदत २१ दिवसांची असली, तरी ती वाढवण्याचा अधिकार न्यायालयाकडे आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात विलंबाकडे उदारपणे पाहण्याची जी तत्त्वे सांगितली, ती देशातल्या जवळजवळ प्रत्येक विलंब माफीच्या अर्जात अजून उतरवली जातात. मी स्वतः ती टंकलिखित प्रतींत हजारदा वाचली आहेत. त्या प्रकरणातला विलंब फक्त ४ दिवसांचा होता आणि उशीर करणारे सरकार होते, हे मात्र अर्जात कोणी लिहीत नाही. १९९८ मध्ये याच न्यायालयाने ८८३ दिवसांचा विलंब माफ करताना सांगितले की उशीर किती झाला हे गौण आहे, त्याचे कारण पटण्यासारखे आहे का हे पाहायचे. सरकारच्या ४ दिवसांना जी सवलत मिळते ती स्वतःचे कागदही ताब्यात नसलेल्या माणसाच्या ४६व्या दिवसाला नाही.

कागदांचा मुद्दा मी उगाच काढलेला नाही. नक्कल विभागात काम केलेल्या माणसाला ठाऊक असते की प्रत्येक सहीशिक्क्याच्या नकलेवर तीन तारखा पडतात: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची. मुदत मोजताना नकलेसाठी लागलेले दिवस वजा होतात, म्हणून वकील आधी त्या तारखाच पाहतो. पण व्ही. नागराजन प्रकरणात २२ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या संहितेखाली मुदत आदेश जाहीर झाल्यापासून सुरू होते आणि ज्याने नकलेसाठी अर्जच केला नाही त्याला त्या वजावटीचा लाभ नाही. अर्ज केलेला असेल तर तो काळ वजा होतो, हे २०२३ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात स्पष्ट झाले. पक्षकार जागा असेल आणि त्याचा वकील हजर असेल तर हे सारे योग्यच आहे. परंतु ज्याची फाइल विश्वस्ताच्या कपाटात आहे, ज्याला वकिलाची फी देण्यासाठी पैसे खर्च करायचे तरी कुणाच्या संमतीने असा प्रश्न पडतो, आणि अपील आपण करायचे की विश्वस्ताने हेच ज्याला नक्की कळलेले नाही, त्याने पहिल्याच दिवशी नकलेचा अर्ज करावा ही अपेक्षा जरा भारीच आहे.

त्यात भाषा आणि अंतर यांची भर आहे. जिल्ह्यातल्या न्यायालयात अण्णांना मराठीत अर्ज देता आला आणि मराठीत उत्तर मिळाले. कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे कामकाज इंग्रजीत चालते. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे आणि अपील दिल्लीला जाते. इचलकरंजीच्या एखाद्या जामीनदार आईला इंग्रजीतला ४० पानी आदेश मिळतो, तो वाचून सांगणारा माणूस गाठेपर्यंत आठवडा जातो आणि त्याने गंभीर चेहरा करून पुण्या-मुंबईच्या वकिलाचे नाव सांगेपर्यंत दुसरा जातो. मग ती विश्वस्ताला विचारते की तुम्ही अपील करणार का. विश्वस्त समितीला विचारतो. समितीची बैठक महिनाअखेरीस असते. एवढ्यात ४५ दिवस संपलेले असतात, आणि यात कोणी आळस केला असे कुणाकडेही बोट दाखवून म्हणता येत नाही.

आक्षेप काय येईल हे मला माहीत आहे आणि तो पोकळ नाही. जुन्या पद्धतीत नादारीची प्रकरणे वर्षानुवर्षे कुजत. मी स्वतः अशा फायली पाहिल्या आहेत ज्यांतले धनको वारले, त्यांचे वारसही थकले आणि रोजनाम्यात मात्र "पक्षकार गैरहजर, तहकूब" एवढेच लिहिले जात राहिले. काही बिलंदर नादार तर अपिलावर अपील करून मालमत्तेचा लिलाव दहा-दहा वर्षे अडवून धरत, कारण हरले तरी खर्च वसूल होण्यासारखे त्यांच्याकडे काही नसे. संहितेने हे थांबवण्यासाठी मुदती आवळल्या आणि एक वर्षानंतर मुक्ततेसाठी अर्ज करण्याची जबाबदारी विश्वस्तावर टाकली. ही सुधारणा चांगली आहे. अण्णांना मुक्ततेसाठी जितकी वर्षे हेलपाटे घालावे लागले तितके आता कुणाला घालावे लागू नयेत. पण आडमुठ्यांसाठी बांधलेली भिंत प्रामाणिक माणसाच्याच अंगावर येत असेल, तर तिला एक दार ठेवावे लागेल आणि त्या दारावर पहारा ठेवावा लागेल.

ते दार कसे असावे याबद्दल माझ्या कारकुनी अनुभवातून काही सुचते. दिवाळखोराने विश्वस्ताला लेखी विचारले की अमुक दावा किंवा अपील तुम्ही करणार का, तर विश्वस्ताने दहा दिवसांत हो की नाही ते लेखी कळवलेच पाहिजे. न कळवल्यास तो नकार समजावा आणि पत्र पोचल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा काळ मुदतीतून सरसकट वजा व्हावा, जसा नकलेचा काळ होतो. विश्वस्ताने नकार दिल्यावर दिवाळखोराला स्वतःच्या नावाने अपील करण्याची परवानगी न्यायाधिकरणाकडे मागता यावी आणि अपील निव्वळ चालढकलीचे वाटल्यास न्यायाधिकरणाने खर्चाची हमी मागावी. ज्या दाव्यात प्रतिवादी समितीतलाच धनको आहे, तिथे मंजुरी समितीकडून न घेता थेट न्यायाधिकरणाकडून घ्यावी. आणि १५ दिवसांची कमाल मर्यादा कंपन्यांच्या प्रकरणांसाठी हवी तर ठेवावी, परंतु दिवाळखोर ठरलेल्या व्यक्तीच्या बाबतीत "पुरेसे कारण" हे दोन शब्द पुन्हा न्यायाधीशाच्या विवेकावर सोडावेत. १९२० मध्ये हे चालत होते. न्यायाधीश भोळे नसतात. विलंब माफीचे फुसके अर्ज फेटाळताना मी त्यांना रोज पाहिले आहे.

यातील विश्वस्ताच्या लेखी उत्तराची गोष्ट कायद्यात बदल न करता नियमांतही बसवता येईल असे मला वाटते. निवृत्त कारकुनाच्या या समजुतीत चूक असेल तर जाणकार वकिलांनी आपल्या स्तंभातून ती जरूर दाखवावी.

तोवर ज्यांनी कंपनीच्या कर्जाला जामीन राहून सही केली आहे आणि ज्यांच्या घरी न्यायाधिकरणाची नोटीस आली आहे, त्यांनी एवढे करावे. आदेश झाल्याचे कळताच त्याच दिवशी नकलेसाठी स्वतःच्या नावाने अर्ज टाकावा, मग अपील करायचे ठरो वा न ठरो. विश्वस्ताला किंवा त्याच्या कार्यालयाला पत्र द्यावे ते रजिस्टरने किंवा पोच मिळेल अशा ई-मेलने द्यावे, आणि त्यात "आपण अपील करणार आहात का, कळवावे" हे वाक्य असावे. फोनवरच्या बोलण्याला न्यायाधिकरणात किंमत नाही. पाकिटे फाडून टाकू नयेत, कारण टपाल खात्याच्या शिक्क्यावरची तारीख कधी कामाला येईल ते सांगता येत नाही. आणि ३० दिवसांची मोजणी आदेश हातात पडल्यापासून न करता तो जाहीर झाल्याच्या तारखेपासून करावी. अण्णांनी चार पोचपावत्या हळदीच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या, तशा कुठेतरी जपून ठेवाव्यात.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सांगली